सोनगीरची परात आणि बिजासनचा घाट

गेल्या वीकांताला सोनगीरला गेलो होतो. निमित्त परातीचं. आमच्या घरात लग्नकार्य निघालं की तांब्या-पितळेची भांडी सोनगीरचीच, असा आईचा नियम आहे. पुण्यातल्या चकचकीत दुकानातलं तांबं तिला पापुद्र्यासारखं वाटतं. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने शिरपूरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. वर किल्ला, खाली गाव, आणि गावात तांबटांची ठोकठोक. (हल्ली ती पूर्वीइतकी ऐकू येत नाही म्हणे. पण येते.)

खिशात दोन चुंबक होते. का होते, तर त्याला आमच्या ऑफिसातला एक मित्र जबाबदार. शुक्रवारी जेवताना त्याने डबा उघडायच्या आधी विषय उघडला. नुकतंच त्याच्या कारचं सर्व्हिसिंग झालं होतं आणि "सर, चारही ब्रेक पॅड गेलेत" हे वाक्य त्याला बरंच महागात पडलं होतं. त्याचं म्हणणं असं, की रोलर कोस्टर चुंबकाने थांबतात, परदेशातल्या आगगाड्या थांबतात, मग कारलाच मॅग्नेटिक ब्रेक का नाही? घासायला काही नाही, झिजायला काही नाही, बदलायला काही नाही. "पॅड विकणाऱ्यांची लॉबी आहे रे ही," असा निष्कर्षही त्याने पोळीबरोबर गुंडाळून टाकला.

मी शिकलो मेकॅनिकल, पोट भरतो सॉफ्टवेअरवर. आमच्या पिढीत हे काही विशेष नाही. पण असा प्रश्न आला की आतला मेकॅनिकलवाला जागा होतो. घरी एक मेलेली हार्ड डिस्क पडली होती, ती रात्री खोलली. आत दोन जबरदस्त चुंबक मिळतात, निओडिमियमचे. बोट मधे सापडलं तर डोळ्यांतून पाणी येतं (स्वानुभव). तेच घेऊन सोनगीर गाठलं.

दुकानात परात निवडताना हळूच ती तिरकी धरली आणि वरून चुंबक सोडला. तांबं चुंबकाला चिकटत नाही, हे शाळेत शिकलेलो असतो. चिकटला नाहीच. पण सुर्रकन खालीही आला नाही. मधात पडलेल्या मुंगीसारखा सावकाश, आपल्याच तंद्रीत खाली आला. मग पितळेची परात घेतली, त्यावर जरा लवकर आला. स्टीलचं ताट घेतलं (काही स्टीलला चुंबक चिकटतो, तसली ताटं बाजूला काढली), त्यावरून धाडकन खाली.

तांबटकाका हातोडी थांबवून बघत होते. "हाई काय शे भो?" म्हणाले. मी सांगायला तोंड उघडेपर्यंत त्यांनी चुंबक स्वतःच्या हातात घेतला, दोन वेळा सोडून पाहिला, आणि कोपऱ्यातला तांब्याचा एक जाड तुकडा काढला. "याच्यावर अजून हळू जाईल बघा." गेला! मला हे समजायला एक सेमिस्टर लागलं होतं.

होतं काय, की चुंबक तांब्यावरून सरकला की तांब्यात वीज फिरायला लागते, पाण्यातल्या भोवऱ्यांसारखी गोल गोल. म्हणून तिला एडी करंट म्हणतात, आपण भोवरी प्रवाह म्हणू. हे भोवरे स्वतःचं चुंबकत्व तयार करतात आणि ते सरकणाऱ्या चुंबकाला मागे ओढतं. तांब्यातून वीज सहज वाहते म्हणून ओढ जास्त. पितळेतून तितकी सहज नाही, म्हणून कमी. पत्रा जाड असला की भोवऱ्यांना जागा जास्त. आणि चुंबकाची जी गती जाते तिची होते उष्णता. फ्रान्सच्या लेऑन फुकोने (तोच, लंबकवाला) १८५५ मध्ये तांब्याची चकती चुंबकाच्या दोन टोकांमध्ये फिरवून दाखवलं, की फिरवायला जोर जास्त लागतो आणि चकती तापते. तुमच्या घरीही हे यंत्र होतं. जुन्या विजेच्या मीटरमधली ती ॲल्युमिनियमची फिरणारी चकती आठवा. तिला आवरून धरायला बाजूला एक चुंबक बसवलेला असायचा. नाहीतर बिल बघून आपल्याआधी तीच गरगरली असती :-)

आता मित्राच्या कारकडे येऊ.

त्या परातीवर आणखी एक गोष्ट दिसते, जी व्हिडिओत दिसत नाही. चुंबक कितीही हळू आला तरी मधे थांबत मात्र नाही. थांबला तर भोवरे संपले, आणि भोवरे संपले तर धरणार कोण? वेग आहे तोवरच हा ब्रेक आहे. वेग कमी झाला की ब्रेकही दुबळा, वेग शून्य तर ब्रेकही शून्य. म्हणजे सिग्नलला शेवटचे दोन मीटर गाडी रांगत जाऊन पुढच्याच्या बंपरला टेकणार. उतारावर पार्क केलीत तर सकाळी ती खालच्या सोसायटीत सापडणार. तेव्हा पॅड आणि डिस्क ठेवावेच लागतात.

दुसरं असं, की कार थांबवतो कोण? आपल्याला वाटतं ब्रेक थांबवतो. ब्रेक फक्त चाक थांबवतो. कार थांबवतो टायर, आणि टायरला धरतो रस्ता. ताशी १०० किलोमीटर वेगातून कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरची कार ब्रेक लागल्यावर साधारण ४५ ते ५० मीटरमध्ये थांबते. हा आकडा टायरच्या पकडीने ठरतो. आजच्या कारच्या साध्या डिस्क ब्रेकमध्ये चाक जॅम करण्याइतकी ताकद आधीच आहे, म्हणून तर ते जॅम होऊ नये यासाठी एबीएस लागतं. (गंमत म्हणजे एबीएसला चाकाचा वेग कळतो तो एका छोट्या चुंबकीय सेन्सरमुळेच. म्हणजे मॅग्नेट ब्रेकमध्ये आहे, फक्त हुशारीच्या कामाला आहे, अंगमेहनतीच्या नाही.) तिथे तुम्ही सोनगीरचं सगळं तांबं ओतलंत तरी ते ५० मीटर ४० होणार नाहीत. वजन तेवढं वाढेल.

आणि ज्याला खरंच पॅड वाचवायचे आहेत त्याच्यासाठी उत्तर बाजारात आलेलं आहे. इलेक्ट्रिक कारमध्ये पाय उचलला की मोटर जनरेटर होते आणि गाडी ओढली जाते. तोही चुंबकाचाच ब्रेक, फक्त उष्णता करून उधळण्याऐवजी वीज बॅटरीत परत टाकणारा. पॅड कमी झिजतात हे खरं. पण लोणावळ्यात बॅटरी १०० टक्के चार्ज करून लगेच घाट उतरायला लागलात तर वीज ठेवायला जागाच नसते, आणि तेव्हा काम पुन्हा पॅडवरच येतं. असो. मित्राच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं. कारला भोवरी प्रवाहाचा ब्रेक नको. लॉबी वगैरे काही नाही.

विषय खरं तर इथे संपायला हवा होता. पण तांबटकाकांनी चुंबक परत देताना विचारलं, "मंग घाटवाला ट्रकस्ले काबरं लावतस नही?"

सोनगीरच्या माणसाला हे सुचणार नाही तर कोणाला? दिवसरात्र त्याच्या गावाजवळून ट्रक जातात. सोनगीरचा टोलनाका ओलांडून पुढे नरडाणा, मग तापीचा पूल, शिरपूर, आणि मग पळासनेर. पळासनेर म्हणजे महाराष्ट्राचं टोक. त्याच्या वर सातपुड्यातला बिजासनचा घाट, आणि घाटापलीकडे मध्य प्रदेशातलं सेंधवा. ४ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशाकडून धुळ्याकडे येणारा एक कंटेनर पळासनेरजवळ मोटरसायकलींना, एका कारला आणि दुसऱ्या एका कंटेनरला मागून धडकला आणि शेवटी बसथांब्याजवळच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. त्यात बसची वाट बघणारेही होते. ब्रेक निकामी झाले होते असं पोलिसांनी सांगितलं.

त्या कारला मागून धडक बसली. तिचे ब्रेक जगातले सर्वोत्तम असते तरी काय उपयोग होता? हे मला आधी कधी सुचलं नव्हतं. आपण कार घेताना एअरबॅगा मोजतो, स्टार रेटिंग बघतो, आणि आपला जीव ज्या ब्रेकवर अवलंबून आहे तो मागच्या ट्रकमध्ये असतो.

"ब्रेक फेल" हा शब्दही मला फसवा वाटतो. वाचून वाटतं, काहीतरी तुटलं, पाइप फुटला, नशीब फुटलं. घाटात बहुतेक वेळा तुटत काहीच नाही, तापतं. जरा हिशोब करू. ४० टनांचा ट्रेलर, ७ टक्के उतार, ६ किलोमीटर लांब. म्हणजे तो ४२० मीटर खाली येणार. तेवढ्यात गुरुत्वाकर्षण त्याला सुमारे साडेसोळा कोटी ज्यूल ऊर्जा देतं. सव्वापाचशे लिटर गार पाणी उकळायला लागते तेवढी. ताशी ३० किलोमीटरने सावकाश उतरला तर बारा मिनिटं लागतील, म्हणजे त्या बारा मिनिटांत सतत सव्वादोनशे किलोवॉट. दोन किलोवॉटचे शंभरावर गिझर एकदम चालू. यातला थोडा वाटा टायर आणि हवा खातात. बाकीचा इंजिनाने घेतला नाही तर जातो ब्रेकच्या ड्रममध्ये. ड्रम तापून फुगतो, लायनिंग गुळगुळीत होतं, आणि ड्रायव्हर पाय दाबतोय, हवेचं प्रेशर आहे, सगळं जागेवर आहे, फक्त गाडी धरत नाही. बिजासन उतरताना काच खाली केली की जळकट वास येतो, तो हाच. मागच्या वर्षी आमच्या पुढच्या ट्रकच्या चाकातून धूर येताना पाहिला होता. बायको म्हणाली, पुढे काढ. मी म्हणालो, मागेच राहू. दोघांचंही बरोबर होतं आणि दोघांनाही भीती वाटत होती.

यावरचा उपाय जुना आहे, आणि तो म्हणजे परातीवरचाच खेळ. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये त्याचं पेटंट झालं, आणि महायुद्धानंतर टेल्मा नावाच्या कंपनीने ट्रक-बसला लावायला तो बनवायला घेतला. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर लोखंडी चकत्या, त्यांच्यामध्ये विद्युतचुंबक. ड्रायव्हरने दांडी ओढली की बॅटरीतून चुंबकांना करंट जातो, चकत्यांत भोवरे उठतात, शाफ्ट ओढला जातो. कुठे काही घासत नाही. याला रिटार्डर म्हणतात. तो गाडी थांबवत नाही, थांबवायची नसतेच. बारा मिनिटं ३० च्या वेगावर धरून ठेवायची असते. जो दोष कारमध्ये होता, म्हणजे वेग असेपर्यंतच ब्रेक, तोच घाटात गुण होतो. गाडी पळायला लागली की ओढही वाढते. आणि खरे ब्रेक सगळा वेळ थंड राहतात, खाली पळासनेरला कोणी आडवं आलं तर त्या वेळेसाठी.

आता तुम्ही म्हणाल, ट्रकला एक्झॉस्ट ब्रेक असतो की. असतो, बऱ्याच ट्रकांना असतो, आणि चांगला असतो. पण तो इंजिनाचा ब्रेक आहे. इंजिन चाकांना जोडलेलं असेल तरच चालतो. आणि आपल्याकडे उतार लागला की काय करतात हे काय मी सांगायला हवं? न्यूट्रल! २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने वीसहून जास्त गाड्या ठोकल्या. उतारावर डिझेल वाचवायला चालकाने इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. पुण्यातल्या माझ्या वाचकांपैकी निम्मे त्या पुलावरून रोज जातात. इंजिन बंद म्हणजे एक्झॉस्ट ब्रेक गेला, पॉवर स्टिअरिंग गेलं, हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद. प्रत्येक वेळी पाय दाबला की टाकीतली हवा कमी होत जाते.

चीड याची येते, की यात डिझेलही वाचत नाही. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल पूर्ण बंद होतं, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला उलट थोडं डिझेल जळतं. कुठल्यातरी जुन्या ट्रकवर उस्तादाने शिकवलेलं शहाणपण पुढच्या पिढीने तसंच उचललं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला लेगसी कोड म्हणतो. का लिहिलंय कोणाला माहीत नाही, काढायची हिंमत कोणाची नाही.

आणि म्हणूनच मला चुंबकाचा रिटार्डर आपल्या रस्त्यांसाठी जास्त पटतो. तो गिअरबॉक्सच्या मागे, थेट शाफ्टवर बसतो. गाडी न्यूट्रलला असो, गिअर अडकला असो, शाफ्ट फिरतोय आणि बॅटरीत जीव आहे तोवर तो ओढतो. माणूस चुकणार हे गृहीत धरून केलेली रचना आहे ही. ड्रायव्हरला "शिस्त लावा" म्हणणारी भाषणं मी खूप ऐकली. अठरा तास गाडी हाकलेल्या माणसाकडून घाटाच्या शेवटच्या वळणावर शिस्तीची अपेक्षा धरणं म्हणजे टेस्टिंग न करता प्रॉडक्शनला कोड टाकण्यासारखं आहे.

तोटे आहेत. मोठ्या ट्रकचा रिटार्डर काही शे किलोंचा असतो, म्हणजे तितका माल कमी. चकत्या तापल्या की त्याचीही ताकद घटते, त्यामुळे दुप्पट माल भरून दुप्पट वेगाने उतरायला हा परवाना नव्हे. बॅटरी-वायरिंग नीट ठेवावं लागतं, आणि आपल्याकडे वायरिंगची जी दशा असते... जाऊ दे. तेलावर चालणारे रिटार्डरही आहेत, ते उष्णता रेडिएटरमध्ये नेऊन टाकतात आणि सलग लांब उतारावर जास्त टिकतात. पण त्यांना पाणी फिरवायला इंजिन चालू लागतं. मला चुंबकाचं प्रेम आहे म्हणून तोच लावा असा हट्ट नाही. न झिजणारा, न्यूट्रलमध्येही चालणारा ब्रेक लावा, एवढंच मागणं आहे.

खरी अडचण पैशांची आहे आणि ती साधी आहे. रिटार्डरचे पैसे देणार ट्रकमालक, आणि त्याने वाचणार पळासनेरच्या थांब्यावर बसची वाट बघणारी बाई. मालकाच्या हिशोबात ती बाई कुठेच नाही. इथे बाजार काही करणार नाही, नियमच करावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतल्या १३ क्रमांकाच्या नियमात, जो युरोपात चालतो, लांब पल्ल्याच्या बसना आणि जड ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकांना एक परीक्षा आहे. ७ टक्के उतार, ६ किलोमीटर, ताशी ३० चा वेग, आणि नेहमीच्या ब्रेकला हात लावायचा नाही. (माझं गणित तिथूनच उचललं होतं, आता सांगतो.) आपलं सरकार ठरवलं तर करू शकतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. तेव्हाही खर्च वाढतो म्हणून कुरकुर होतीच. आणि घाटातून जायचं परमिट असलेल्या जुन्या ट्रकांना टोलमध्ये थोडी सूट देऊन रिटार्डर बसवून घेता आला, तर सोनगीरच्या नाक्यावर सुरुवात करा, मी पेढे वाटतो.

सोमवारी मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माझे पॅड गेले ते गेलेच ना?" गेलेच.

एक चुंबक तांबटकाकांकडेच राहिला. गिऱ्हाइकाला खरं तांबं आणि मुलामा यातला फरक दाखवायला बरा पडेल म्हणाले, आणि परातीचे पन्नास रुपये कमी केले. परात गाडीत आहे. मावसभावाचं लग्न इंदूरला आहे, पुढच्या महिन्यात. जाताना घाट चढायचा आहे, त्याचं काही नाही. येताना उतरायचा आहे. पळासनेरला चहाला थांबायचं नाही, असं बायकोने आत्तापासूनच सांगून ठेवलंय.